गावाच्या जोखमीची नोंद गावातच वाचून दाखवा: विधिमंडळ सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त तलाठी. नोकरीची शेवटची बारा वर्षे कृष्णाकाठच्या सजांत, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांत, काढली. या बारा वर्षांत दर मे महिन्यात एक काम न चुकता यायचे. गावचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा अद्ययावत करून तहसील कार्यालयात पाठवायचा. सोबत छापील नमुना यायचा आणि मुदत असायची चार दिवसांची. लोकसंख्या, जनावरांची संख्या, नदीपासूनचे अंतर, पट्टीचे पोहणारे, ट्रॅक्टरमालक, सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, निवाऱ्याची जागा. त्याच दिवसांत मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग दारात लागलेली असायची. मी मागच्या वर्षीची फाइल काढायचो, वर्ष बदलायचो आणि सही करून पाठवून द्यायचो. आसपासच्या सजांत काय होत असेल, हे आपणास वेगळे सांगायला नको.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी गावात शिरले आणि ती फाइल पहिल्यांदा कामासाठी उघडावी लागली. पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ज्यांचे नाव होते ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो. पुढे ‘बोट: १’ अशी नोंद होती. ती बोट ओढ्याजवळच्या बाभळीखाली पालथी पडलेली, तळाच्या फळ्या कुजून हाताने निघत होत्या. निवाऱ्याची जागा म्हणून जिल्हा परिषदेची शाळा लिहिली होती. त्याच शाळेच्या भिंतीवर २००५ च्या महापुराची लाल रंगातली खूण आहे, खिडकीच्या गजांच्याही वर. शाळेत पाणी कुठवर येते हे भिंतीवर लिहिलेले होते, आणि लोकांना तिथेच हलवायचे असे माझ्या सहीच्या कागदावर लिहिलेले होते. बारा वर्षे.

त्या रात्री गावातले लोक वरच्या अंगाच्या गुऱ्हाळात आणि तिथून पुढे साखर कारखान्याच्या गोदामात गेले. ती जागा कागदात कुठेच नव्हती, गावातल्या तरुण पोरांनी ती शोधली. एक म्हातारी मात्र हलेना. गुडघाभर पाण्यात गोठ्याच्या मेढीला धरून उभी. मला म्हणाली, “भाऊसाहेब, म्हसरं दाव्याला सोडून मी कुटं जाऊ? ती माझ्या तोंडाकडं बगत्यात.” आराखड्यात जनावरांची संख्या होती, त्यांना न्यायचे कुठे याचा रकाना नव्हता. शेवटी दोन पोरांनी म्हशी सोडल्या, पोहत वर काढल्या, मग म्हातारी निघाली. आमच्या गावात माणूस दगावला नाही. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि बायामुलांसह माणसे गेली. ती बचाव दलाची बोट नव्हती, गावातलीच होती. ब्रह्मनाळची बातमी ऐकली की मला अजून ती बाभळीखालची बोट दिसते.

हे सगळे आपणाला लिहितो आहे, कारण नोकरीत असताना मी ज्या कायद्याखाली तो आराखडा भरत होतो तो कायदा वाचलेलाच नव्हता. निवृत्त झाल्यावर वाचला. त्यात विधिमंडळाचे काम काय, तेही लिहिले आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. संसदेने केला, देशभर लागू आहे. त्याच्या दोन वर्षे आधी गुजरातने भूजच्या भूकंपानंतर राज्याचा स्वतःचा कायदा केला होता. आपल्या राज्याने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिली होती आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊसही. आपत्ती म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. कायद्याने राज्यात एक प्राधिकरण उभे केले. त्याचे पदसिद्ध अध्यक्ष मुख्यमंत्री. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी समिती. जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. राज्याचा आराखडा, जिल्ह्याचा आराखडा, आणि दोन्ही दर वर्षी तपासून अद्ययावत करायचे अशी सक्ती. शब्द चांगले आहेत. आधी जोखीम ओळखा, ती कमी करा, तयारी ठेवा, आणि मग मदतीचे बोला, असा कायद्याचा रोख आहे. सामान्य माणसाला मात्र या कायद्याचे नाव कळले ते २०२० मध्ये, टाळेबंदीच्या आदेशांवर. तो दंड करणारा कायदा अशीच त्याची ओळख झाली आणि अजून तीच आहे.

प्रत्यक्षात महसूल खात्याची सगळी ताकद आपत्तीनंतर दिसते. यात कुणाची निंदा नाही, मी त्या कामात राबलेला माणूस आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त असले की पंचनामा. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, दोन हेक्टरची मर्यादा. माणूस गेला तर वारसांना ४ लाख. आम्ही चिखलात उभे राहून गुंठ्याचा हिशेब लिहिला आहे. वाहून गेलेली कोंबडी, पडलेली भिंत, भिजलेले धान्य, प्रत्येकाचा रकाना आहे, प्रत्येकावर दोन पंचांच्या सह्या आहेत. एका गावाच्या पंचनाम्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलावा लागतो. त्याच गावाचा पूर येण्याआधीचा आराखडा दोन पानांचा, त्यावर एक सही, आणि ती सही करणाऱ्याला त्याबद्दल पुन्हा कोणी काही विचारत नाही. बारा वर्षांत मला कोणीही विचारले नाही. एकदाही.

डोंगरातल्या गावांची स्थिती याहून अवघड आहे, कारण डोंगर नदीसारखी चढत्या पाण्याची खूण दाखवत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण मातीखाली गेले. गाव नाहीसे झाल्याची खबर दिली ती एसटीच्या चालकाने, नेहमीच्या फेरीला गेल्यावर त्याला गाव दिसले नाही तेव्हा. तो चालक त्या दिवशी त्या मार्गावर नसता तर, हा विचार मला सोडत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळीये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसांचा शोध शेवटपर्यंत लागला नाही. वाडीला रस्ता नव्हता, पथके पायी डोंगर चढून गेली. दुसऱ्याच दिवशी आपल्या सभागृहात शासनाने सांगितले की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

आपल्यापैकी अनेकजण त्या दिवशी सभागृहात बसलेले होते. ते वाक्य खुलासा म्हणून दिले गेले आणि तसेच ऐकले गेले. मला मात्र ते फार गंभीर कबुलीसारखे वाटले. यादी कोणी केली, कधी केली, वाडीतल्या कोणाला विचारून केली? डोंगरावर राहणाऱ्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी माणसाला झरा गढूळ झाला, आटला किंवा नव्या जागी फुटला, झाडे कलली, जमिनीला भेग गेली, हे यंत्राच्या आधी कळते. पण ती भेग यादीत यायला त्याने कोणाकडे जायचे, हे आजही कुठल्या नियमात लिहिलेले नाही.

आता मुद्द्यावर येतो. या कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. २९ मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळाली, ९ एप्रिलपासून ती लागू आहे. राज्याचा आराखडा आता खुद्द राज्य प्राधिकरणाने करायचा आहे. राज्याच्या राजधानीसाठी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळी नागरी प्राधिकरणे नेमता येणार आहेत, महापालिका आयुक्त त्यांचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. राज्यांना स्वतःचे प्रतिसाद दल उभारता येईल. आपल्याकडे धुळे आणि नागपूरला असे दल आधीपासून आहेच. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे राज्याने आपत्तीविषयक माहितीचा साठा तयार करायचा आहे. कोणत्या जागी कोणती जोखीम आणि किती तीव्र, त्यावर निधी किती दिला, खर्च किती झाला, तयारी काय, हे सगळे त्यात यायचे आहे. म्हणजे राज्याची जोखीम नोंदवही.

महसूल खात्याच्या माणसाला नोंदवहीचे मोल कळते. सातबाऱ्यावर नाव लागले की माणसाला उभे राहायला जागा मिळते. फेरफाराची नोंद घालण्याआधी चावडीवर नोटीस लावावी लागते, हरकतीला मुदत द्यावी लागते, हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्याला सुनावणी घ्यावी लागते. एका गुंठ्याची मालकी बदलायला एवढी उघड पद्धत आहे. अख्ख्या वाडीच्या जिवाची नोंद मात्र चार भिंतींत, चार दिवसांत, गावाला न दाखवता होते. नवी नोंदवही मुंबईतल्या संगणकात राहिली, जिल्ह्यांनी ती मागवली, तहसीलने तलाठ्याकडे ढकलली आणि त्याने मागच्या वर्षीची फाइल उघडली, तर तिच्यातही वारलेला पोहणारा पहिल्या क्रमांकावर येणार.

म्हणून माझी मागणी एकच आहे. नोंदवहीतले गावाचे पान गावात उघडायला लावा.

अधिनियमाच्या कलम ७८ खाली राज्य शासनाला नियम करता येतात आणि ते नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. त्या वेळी आपण आग्रह धरा. दर १ मेच्या ग्रामसभेत गावाचे जोखीम पान मोठ्याने वाचले गेले पाहिजे. ती ग्रामसभा तशीही होते आणि पावसाला तेव्हा महिनाभर अवकाश असतो. वस्ती आणि वाड्यांची ग्रामसभेत नेहमी गैरहजेरी असते, म्हणून दूरच्या वाडीचे पान वाडीवर जाऊनच वाचावे. प्रत्येक जोखमीपुढे काय करायचे, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, हे लिहिलेले असावे. ‘संबंधित विभाग’ हा शब्द त्या पानावर चालू नये. मी तो शेकडो वेळा लिहिला आहे, त्याचा अर्थ कोणीही नाही असा होतो. मागच्या वर्षी ठरलेले काम झाले नसेल तर ते का झाले नाही हेही त्याच सभेत सांगावे लागले पाहिजे.

आणि गावातल्या कोणालाही त्या पानावर नोंद घालायचा हक्क असावा. शेतकरी, शाळेतली बाई, आशाताई, गुराखी, कोणीही. डोंगराला भेग दिसली, बंधाऱ्याला गळती लागली, साकव हलायला लागला, की त्याने सांगायचे आणि त्याची पोच मिळायची. तपासणी करून लेखी उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यायचे. माहितीच्या अधिकारात अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या भेगेच्या नोंदीला याहून खूप कमी मुदत हवी, आठवड्याच्या आत कोणीतरी जाऊन पाहिलेच पाहिजे. नोंद खोटी किंवा किरकोळ निघाली तर तसे लिहून मिटवा. पण कोणी पाहून गेले, याची सही राहू द्या.

यावर अधिकारी मित्रांचे म्हणणे मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणालो असतो. आधीच माणसे कमी, एका तलाठ्याकडे दोन-तीन सजे, त्यात हे नवे काम. म्हणणे खरे आहे. पण हे नवे काम नाही, दर वर्षी खोटे होणारे जुने काम आहे. आणि ते एकट्या महसुलाचे नाही. कायद्यातल्या ‘स्थानिक प्राधिकरण’ या व्याख्येत पंचायत राज संस्था येतात. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधने वापरण्याजोगी ठेवणे, बांधकामे निकषांनुसार होतात की नाही हे पाहणे, ही कर्तव्ये कलम ४१ ने त्यांच्यावर टाकली आहेत. ग्रामपंचायतीला हे ठाऊक नसते आणि त्यासाठी वेगळा पैसाही येत नाही. शहरांना दुरुस्तीने प्राधिकरण दिले. तालुका आणि गाव यांच्यासाठी मात्र या कायद्यात स्वतंत्र घर नाही. पूर काठावरच्या गावात येतो आणि दरड वाडीवर पडते, तरी जबाबदारीची साखळी जिल्ह्यापाशी येऊन थांबते.

पैशाचेही बोलायला हवे. कलम ४८ मध्ये प्रतिसादाचा निधी आणि सौम्यीकरणाचा निधी वेगवेगळे सांगितले आहेत. आपत्ती आल्यावर खर्चायचा तो पहिला, येऊ नये किंवा कमी लागावी म्हणून खर्चायचा तो दुसरा. पंधराव्या वित्त आयोगाने ८० आणि २० टक्के अशी वाटणी केली. त्या २० टक्क्यांतून कोणत्या गावाची संरक्षक भिंत बांधायची, कोणत्या वाडीच्या डोंगराला पाण्याचा निचरा काढून द्यायचा, कोणत्या वाडीला खाली जागा द्यायची, हे ठरवताना त्या गावाचे पान समोर असावे. आज जो आमदार पाठपुरावा करतो त्याच्या मतदारसंघात काम होते. आपण स्वतः यातून गेलेले आहात. ज्या वाडीत दोनशे मते आहेत तिच्यासाठी कोण पाठपुरावा करणार? नोंदवहीत तीव्रतेचा क्रम उघड असला, तर तो क्रम मोडून वरच्या नंबरला बसवलेले काम निदान लोकांना दिसेल.

शिक्षेची तरतूद आहे, असे कोणी म्हणेल. कलम ५६ आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे, खटल्याला शासनाची पूर्वपरवानगी लागते. मला तलाठ्याला तुरुंगात बसवण्यात रस नाही. माणसे गेल्यावर कोणाला तरी निलंबित करायचे आणि वर्षभराने परत घ्यायचे, हे मी जवळून पाहिले आहे, त्याने पुढच्या गावाची भिंत उंच होत नाही. चाळीस माणसांसमोर १ मेच्या उन्हात उभे राहून ‘हे काम झाले नाही’ असे म्हणावे लागले असते, तर मी मागच्या वर्षीची फाइल उघडली नसती. मला माझ्या गावच्या लोकांची भीती होती, कलम ५६ हे मला ठाऊकही नव्हते.

राहिला आपला भाग. कलम ७० म्हणते की राज्य प्राधिकरणाने दर वर्षी आपल्या कामाचा खरा आणि पूर्ण अहवाल तयार करायचा आणि शासनाने तो विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. सन्माननीय सदस्यहो, आपल्या हातात असा अहवाल शेवटचा कधी आला? आला असेल तर त्यावर चर्चा किती वेळ झाली? ओला दुष्काळ, पंचनामे, मदतीची रक्कम यांवर आपण सभागृह डोक्यावर घेता, आणि घ्यायलाच हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर, धाराशिव, बीडच्या शेतकऱ्यांची माती वाहून गेली, तेव्हा आपण बोलला नसता तर मदत वाढली नसती. तेवढाच जीव मार्च महिन्यात, पाऊस पडण्याआधी, या अहवालासाठी लावा. कोणत्या जिल्ह्याचा आराखडा अद्ययावत झाला नाही, सौम्यीकरणाचा निधी किती पडून राहिला, दरडप्रवण गावांची यादी शेवटची कोणत्या तारखेला तपासली, त्या यादीत कोणती वाडी नव्याने आली आणि का. असे चार प्रश्न तारांकित म्हणून लागले, तर मंत्रालयापासून तहसीलपर्यंत फाइली हलतात. मी खालच्या टोकाला बसून पाहिले आहे, अधिवेशनाच्या प्रश्नाला दुपारपर्यंत माहिती द्यायची असते आणि ती दिली जाते.

हे पत्र लिहायला घेण्याआधी मी ग्रामपंचायतीत जाऊन गावचा आराखडा बघायला मागितला. नव्या तलाठी मुलाने आदराने चहा दिला, संगणकावर दाखवला. तरुण आहे, कामसू आहे, दोन सजे सांभाळतो. पोहणाऱ्यांच्या यादीतले ते नाव आता निघाले आहे. बोटीपुढे ‘नादुरुस्त’ असे लिहिले आहे. निवाऱ्याची जागा मात्र अजून शाळाच आहे. मी त्याला भिंतीवरची खूण दाखवायला घेऊन गेलो. आता तिथे तीन खुणा आहेत, २००५, २०१९ आणि २०२१ च्या, सगळ्या खिडकीच्या वर. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, मला हे कोणी सांगितलंच नाही.” तेवढ्यात शाळा सुटली. दारातून बाहेर पडणाऱ्या तिसरी-चौथीच्या कुठल्याही पोराला त्याने विचारले असते, तर त्याने सांगितले असते की इथे पाणी येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तलाठी
कृष्णाकाठ